अक्षता पडेपर्यंत

नागपूरहून बंगळुरूला जाणारं सरळ विमान त्या दिवशी भरलेलं होतं. मुलानं तिथल्या आमच्या घरी बसून मोबाईलवर शोधून शोधून तिकीट काढलं ते पनवेलवरून. रात्री सव्वानऊला उतरायचं, पुढचं विमान सकाळी सहा दहाला. "नऊ तास थांबावं लागेल गं आई, पण तिथं काय, तुझं माहेरच आहे," असं तो फोनवर बोलून गेला आणि लगेच जीभ चावली. 

माहेर कसलं! हा नवा विमानतळ उभा आहे तोच आमच्या गावावर. भातशेती, मिठागरं, गावदेवीचं देऊळ, सगळं उठलं आणि दादानं पलीकडच्या वसाहतीतल्या प्लॉटवर तीन मजली घर बांधलं. विमानतळाच्या दारातून रिक्षा केली तर वीस मिनिटांत मी त्या घराच्या पायरीवर. त्या रात्री त्या घरात हळद होती, दादाच्या एकुलत्या एका मुलीची. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराचं लग्न.

आणि मला जाता येत नव्हतं. त्याच दिवशी सकाळी नागपुरात माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या चितेपाशी मी उभी होते, आणि ताई गेली हे माहेरी कुणालाच माहीत नव्हतं.

आमच्याकडे पद्धत अशी आहे की, मरणाची बातमी कानावर आली की सुतक लागतं. नाही आली तर नाही. त्यामुळे घरात लग्न उभं असेल आणि लांब कुठं कुणी गेलं, तर ती बातमी दाबून ठेवायची. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, की मग कुणीतरी मोठं माणूस घरच्यांना आतल्या खोलीत घेऊन जातं आणि दार लावतं. लहानपणी मी असं एक दार लागलेलं पाहिलंय, आतून आलेला आवाजही ऐकलाय. तेव्हापासून मला या पद्धतीचा राग होता. माणूस मेलं ते मेलं, तुम्ही कान झाकले म्हणून ते काय परत उठून बसणार आहे? असं मी तावातावानं बोलायचे. आता पाळी माझ्यावर आली तेव्हा मीच कान, डोळे, तोंड सगळं झाकून बसले होते. जळ्ळं मेलं ते माझं बोलणं!

पण दुसरा उपायच नव्हता. चार वर्षांपूर्वी याच पोरीचं लग्न ठरलं होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि चार दिवस आधी आमचे बाबा गेले. लग्न पुढं ढकललं. पुढं ढकललं म्हणता म्हणता त्या लोकांनी मुलासाठी दुसरीकडे बघितलं आणि जाता जाता चार ठिकाणी बोलले, की पोरीचा पायगुणच तसला. पोरगी चार वर्षं कुणाच्या लग्नाला गेली नाही. आता हा मुलगा मिळाला होता, बोटीवर नोकरीला असलेला, समजूतदार. दहा दिवसांनी त्याला बोटीवर चढायचं होतं, ते थेट नऊ महिन्यांनी उतरायचं. लग्न आत्ता झालं नाही तर नऊ महिने नाही, आणि दुसऱ्यांदा मोडलेल्या लग्नाचं लोक काय करतात ते मला सांगायला नको. या खेपेला पोरीला कुणी दारात उभं राहू दिलं नसतं.

हे सगळं ताईला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तिला मूलबाळ नव्हतं. या भाचीवर तिचा असा जीव, की दर सुट्टीला नागपूरहून येताना अर्धी बॅग हिच्याच वस्तूंची. पोटात काहीतरी वाईट वाढतंय हे तिला जानेवारीत कळलं, तेव्हा तिनं भावोजींना शपथ घातली की पनवेलला सांगायचं नाही. मला सांगितलं, कारण माझ्यापासून तिनं कधी काही लपवलं नाही. माहेरी सांगितलं, कावीळ झालीय, डॉक्टर प्रवासाला नको म्हणतात. आणि शेवटच्या आठवड्यात मी नागपूरला गेले ते माहेरी हे सांगून, की नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मला लग्नाला येता येणार नाही. ऑपरेशन खरंच झालं होतं. मुलगा रजा काढून त्याच्यापाशी बसला होता आणि ती रजा संपत आली होती, म्हणून तर ताईच्या राखेची धग जायच्या आत मला परत निघावं लागलं.

"मी गेले तर अक्षता पडेपर्यंत सांगू नका," असं तिनं मला स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. मी म्हटलं, "काहीतरी अभद्र बोलू नको." तर हसली. म्हणाली, "तू तापट आहेस, तुझ्याच तोंडातून फुटेल. सांभाळ." लग्नाच्या दोन दिवस आधी संध्याकाळी ती गेली. दोन दिवस थांबली असती तर काय बिघडलं असतं तिचं? असंच आलं माझ्या मनात. चितेसमोर उभी असताना मला तिचा राग येत होता.

भावोजी साधे, त्यांना खोटं बोलता येत नाही. ताई गेली त्याच रात्री त्यांनी तिचा फोन माझ्या हातात ठेवला. "आईंचे फोन येतात गं. मी काय सांगू? तूच बघ." तो फोन मी पर्समध्ये टाकला. अशी मी दोन फोन घेऊन पनवेलला उतरले.

विमानतळ चकचकीत आहे, खोटं कशाला बोलू. पण झोपायला माणसानं कुठं जावं याचा विचार कुणी केलेला नाही. खुर्च्यांना मध्ये मध्ये लोखंडी हात, म्हणजे आडवं व्हायची सोय नाही. एसी असा की बोटं आखडतात. एक गुजराती कुटुंब खांबाच्या आडोशाला चादर पसरून, चपला उशाशी घेऊन झोपलं होतं. मी त्यांच्या पलीकडे भिंतीला टेकून खाली बसले. सकाळी स्मशानातून आल्यावर केलेली आंघोळ, केस तसेच पिंजारलेले, अंगावर साधी सुती साडी, आणि पोटात सकाळपासून दोन कप चहा. चोपन्न वर्षांची बाई आपल्याच गावात जमिनीवर पथारी पसरून बसली होती. आमचं शेत नेमकं कुठल्या बाजूला होतं ते मी काचेतून बघायचा प्रयत्न केला. दिवेच दिवे दिसत होते, काही कळलं नाही.

पावणेदहाला ताईचा फोन वाजला. पर्समधून तिची ती सनईची रिंगटोन. मी फोन काढला, स्क्रीनवर 'आई'. वाजून वाजून थांबला. परत वाजला. मी आवाज बंद केला, तर थरथर सुरू. आईला वाचता येत नाही, तिला फोटोवर बोट ठेवून फोन लावता येतो एवढंच. कुणाच्या फोटोवर ती बोट ठेवत होती ते मला इथं बसून दिसत होतं.

आदल्या रात्रीपासून मी हेच करत होते. ताईच्या फोनवरून भाचीला मेसेज टाकायचे: घसा बसलाय, बोलवत नाही, आजीला सांग. भाची ते आईला वाचून दाखवायची. मेसेज ताईसारखा दिसावा म्हणून मी वर जाऊन तिचे जुने मेसेज वाचून काढले होते. ताई सगळं एका दमात लिहायची, ना स्वल्पविराम ना पूर्णविराम, आणि शेवटी तीन गुलाब. बँकेत कारकुनी करून लवकर निवृत्त झालेली मी, जन्मभर लोकांच्या सह्या ताडून बघितल्या, आणि आता मेलेल्या बहिणीचं अक्षर काढत होते.

भाचीचा फोटो आला. कपाळापासून कोपरापर्यंत पिवळी, दात काढून हसतेय. खाली लिहिलेलं: आत्या, बघ तुझी माकडीण पिवळी झाली. एकदा तरी बोल ना गं.

मी लिहिलं: दिसली गं माकडे किती गोड दिसतेस आजीला सांग दृष्ट काढ मी इथून बघतेय. तीन गुलाब. पाठवलं, आणि मग मी काय लिहिलंय ते मला दिसलं. मी इथून बघतेय!  पुसायला गेले, तर तिनं वाचलेलंसुद्धा. लगेच उत्तर आलं, लाल बदामांची रांगच्या रांग. मी फोन पालथा घातला आणि तोंडात पदर कोंबून रडले. गुजराती कुटुंबातल्या आजी उठून बसल्या, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता पाण्याची बाटली माझ्या बाजूला सरकवून परत झोपल्या.

सव्वादहाला माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल, दादाच्या घरून. हा उचलायलाच हवा होता. मी धावत स्वच्छतागृहाच्या बाजूच्या बोळात गेले, पांढरी भिंत पाठीशी घेतली आणि तोंडावर हसू चढवलं. तिकडे बेंजो दणाणत होता, बायका नाचत होत्या, भाची फोन हातात धरून सगळ्यांना दाखवत फिरत होती. "काकांचा गुडघा कसा आहे?" "बरा आहे." "तू रडलीस का गं आत्या?" "सर्दी झालीय मेली." असं चाललं होतं. मग तिनं फोन आईपुढे धरला.

आई ऐंशी वर्षांची. नवी कोरी चोळी, डोक्यावर पदर, हाताची पाचही बोटं नातीनं हट्टानं हळदीनं माखलेली. "लांब बसलीस ना नवऱ्याला घेऊन," ती म्हणाली, "पन मी काय सोडत नाय तुला. हे घे." आणि हसत हसत तिनं हळदीचं बोट फोनच्या काचेवर, माझ्या गालावर टेकवायला पुढं केलं.

मी तोंड मागं घेतलं.

आता सांगायला हसू येतं. सुतकातल्या माणसाला हळद चालत नाही हे खरं, पण काचेवरून हळद कशी लागेल? ते बोट माझ्यापासून कितीतरी मैल लांब होतं. पण अंगात जे भिनलेलं असतं ते असं वेळेला वर येतं. मान झटकन मागं गेली, डोकं भिंतीवर आपटलं. आईचं बोट काचेवर तसंच राहिलं, स्क्रीन अर्धी पिवळी झाली, आणि पिवळ्याच्या वरून तिचे डोळे माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात माझ्या डोक्यावरच्या कर्ण्यातून मराठीत घोषणा सुरू झाली, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मी "नेटवर्क जातंय" म्हणून फोन बंद केला.

बोळातच खाली बसले. कळलं असेल का? नाही, एवढ्या गोंगाटात काय कळणार, ती बाई ऐंशीची, अर्धं ऐकू येत नाही. असं मी मलाच समजावत होते. आणि मग उलटच वाटायला लागलं, की कळायलाच हवं. तिची पोर गेलीय. पोटची पहिली पोर. सगळ्या जगात हे कळायचा पहिला हक्क कुणाचा असेल तर तिचा, आणि ती तिकडे नवी चोळी घालून नाचणाऱ्या पोरींना टाळ्या देतेय. उद्या कळल्यावर ती त्या टाळ्या आठवणार नाही का? मला विचारणार नाही का, मी हसत होते तेव्हा तू बघत होतीस ना? काय सांगू मी तिला? ताईनं सांगितलं होतं म्हणून?

मी बॅग उचलली आणि बाहेरच्या दाराकडे निघाले. खरंच निघाले. रिक्षा करायची, घरामागच्या जिन्यानं वर जायचं, आईला एकटीला गाठायचं, एवढंच डोक्यात होतं. दारावरच्या शिपायानं तिकीट बघितलं. "मॅडम, बाहर गए तो वापस अंदर आने को टाइम लगेगा. फिर से चेकिंग." मी म्हटलं, "मेरा घर है बाजू में." तो म्हणाला, "तो जाइए ना, यहां क्यों बैठी हैं?" त्याचं काही चुकलं नव्हतं. मी दारात उभी राहिले. बाहेरची गरम, खारट हवा दार उघडलं की तोंडावर यायची. मी आईच्या कानात काय सांगितलं असतं, आणि त्यानंतर भाचीच्या अंगावरची हळद कुणी आणि कशी धुतली असती, ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. दोन-तीन वेळा दार उघडलं, मिटलं. मी परत आत येऊन भिंतीशी बसले.

एक-दीड वाजला असेल. डोळा लागला होता की नव्हता कुणास ठाऊक. लादी पुसायचं मोठं यंत्र घरघरत जवळ आलं आणि थांबलं.

"अगो, तू?"

वर बघते तर निळ्या गणवेशातली काकी. आमच्या भावकीतल्या एका चुलत्याची बायको, नात्यानं काकी, वयानं माझ्याएवढी. गाव उठल्यावर इथं साफसफाईच्या कामाला लागलेली. 

"कवा आलीस? आन हितं काय करतेस? घरी हलद हाय, मला रजा नाय भेटली म्हनून मी रडतेय हितं, आन तू झोपलीस?"

"माझं सहाचं विमान आहे काकी. वेळ नव्हता."

"येल नवता?" तिनं घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "इस मिंटं लागतात. सहा वाजेपरेन तू चार टायमाला जाऊन आली असतीस. आय तुजी म्हातारी झाली. परत कवा नातीची हलद बघनार हाय ती?"

 तिचा पारा चढत गेला. बोलली, बोलली, माझी सालटी काढली. शहरात जाऊन मोठ्या झाल्यात, माहेरचं आता पायाला लागतं यांच्या, तुज्यापरीस ती नागपूरवाली बरी, आजारी हाय पन रोज दोन येला पोरीला मेसेज टाकते. एरवी मला कुणी एक शब्द बोललं तर मी दहा ऐकवते, सगळ्या भावकीला ठाऊक आहे. त्या रात्री मी खाली मान घालून ऐकत राहिले. शेवटी ती म्हणाली, "थांब, मी सुटल्यावर मांडवातच जानार हाय, सांगतेच तुज्या भावाला."

"काकी, पाया पडते," मी तिचा हात धरायला गेले आणि अर्ध्यातच माझा हात मागं घेतला. "मी इथं होते हे कुणाला सांगू नका. उद्या दुपारनंतर काय ते सांगा. अक्षता पडेपर्यंत नको."

 तिनं माझे पिंजारलेले केस बघितले, मोकळं कपाळ बघितलं. मग यंत्राचा दांडा धरून दोन पावलं मागं सरकली.

"कोन?" तिनं विचारलं आणि लगेच हात वर केला. "नको. सांगू नको. मला उद्या तुज्या आयसमोर उभं रावायचंय. माज्या तोंडावर दिसंल."

यंत्र चालू करून ती निघून गेली. दहा मिनिटांनी कागदी कपात चहा घेऊन आली. तो कप तिनं माझ्या हातात दिला नाही, शेजारच्या लादीवर ठेवला. बाजूला तिचा डबाही ठेवला, दोन तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. मी म्हटलं, "मासळी नाही चालणार काकी." तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. तेवढ्यानं तिला कळलं, की गेलेलं माणूस अगदी जवळचं आहे. चटणी उचलून घेतली, भाकऱ्या तशाच ठेवल्या. "कोरडी खा," म्हणाली. "उपाशी नको रावू." मी भाकरी चहात बुडवून खाल्ली. दिवसभरात पोटात गेलेलं अन्न तेवढंच.

नंतर मी झोपले असेन. ताई स्वप्नात वगैरे आली नाही. नुसती मान वाकडी होऊन झोपले आणि थंडीनं जागी झाले तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं कमी होती. माझ्या विमानाची घोषणा चालू होती. गुजराती कुटुंब चादर घडी करत होतं. उठायला गेले तर मांडीखालची पर्स थरथरत होती.

ताईचा फोन. स्क्रीनवर 'आई'.

लग्नघरात पाचला उठतातच, नवरीला आंघोळ घालायची असते. पण या वेळी फोन? घसा बसलेल्या, आजारी मुलीला? मी तो थरथरू दिला. थांबला. परत सुरू झाला. परत थांबला, परत सुरू. चौथ्या वेळेला माझ्यानं राहवलं नाही. का उचलला ते मला आजही धड सांगता येणार नाही. त्या बाईनं मुलीच्या फोटोवर बोट ठेवावं आणि पलीकडून कुणीच 'ओ' देऊ नये, हे मला सोसेना. मी फोन कानाला लावला. बोलले काहीच नाही.

पलीकडूनही कुणी बोललं नाही. भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी गरम पाणी मागत होतं. मग दार लागल्याचा आवाज आला आणि मागचं सगळं एकदम बारीक झालं. आईचा श्वास ऐकू येत होता. कोण बोलतंय, असं तिनं विचारलं नाही. ताईला हाक मारली नाही, मलाही मारली नाही.

"साडी कंची नेसवली गो तिला?"

 ती साडी मी स्वतः आणली होती, आदल्या सकाळी दुकानदाराला घरून बोलावून, दुकान उघडायला लावून. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला नेसवतात ती.

"हिरवी," मी म्हटलं.

"चुडा?"

"भरला. दोन्ही हात भरून. ओटी पण भरली, मी भरली."

"आन त्रास?"

"शेवटी नाही झाला. झोपेतच गेली."

"बरं," आई म्हणाली.  बाहेरून कुणीतरी दार वाजवलं, "आजी, चला, पानी तापलं, तुमच्याबिगर अडलंय." "आले गो, आले!" आई ओरडली, खणखणीत, लग्नघरातल्या बाईच्या आवाजात. आणि मग फोन तोंडाशी धरून, अगदी हळू:

"पोरीला कलू देऊ नको. तुज्या दादालाबी नको. दुपारी कर फोन, पंगती उठल्यावर. तवा मी रडन."